हिवाळ्यातील धोके: काश्मीर ते तमिळनाडू
भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात डिसेंबर ते फेब्रुवारीत हिमालयावर बर्फ पाडतात. काश्मीर, हिमाचलात हिमस्खलनाचा धोका त्यामुळे वाढतो. त्याहून फसवे गंगेच्या मैदानातले धुके. झंझावात सरल्यावर ओली जमीन, निरभ्र रात्र आणि मंद वारा एकत्र आले की ते दाटते. दृश्यमानता 50 मीटरखाली गेल्यास हवामान विभाग त्याला अतिदाट म्हणतो. महामार्गांवर एकामागून एक वाहने आदळतात ती अशाच पहाटे. मैदानात किमान तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उतरले की थंडीची लाट ठरते. उघड्यावर झोपणाऱ्यांना ती जिवावर बेतते. निफाड परिसरात कडाक्याच्या थंडीने द्राक्षमणी तडकतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र डिसेंबरपर्यंत भीती चक्रीवादळांची.