जामीन मंजूर, परंतु सुटका नाही : निर्धन बंद्यांसाठी साहाय्य योजना

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी त्याच सायंकाळी घरी परतला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तुरुंगाच्या कार्यालयात काम करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. जामिनाचा आदेश हाती पडूनही कित्येक बंदी आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन् महिने, त्याच बराकीत राहतात. याला कारण गुन्ह्याचे गांभीर्य नसते. वीस-पंचवीस हजारांची रक्कम जमत नाही, अथवा जामीनदार म्हणून उभा राहील असा ऐपतदार माणूस मिळत नाही, एवढेच कारण असते. अशा बंद्यांसाठी केंद्र शासनाने द्रव्यसाहाय्याची एक स्वतंत्र योजना आखली असून तिची माहिती तुरुंग अधिकाऱ्यांबरोबरच गावचे सरपंच, तलाठी व शिक्षक यांनाही असणे अगत्याचे आहे. बंद्याच्या घरच्या स्थितीची खरी माहिती याच मंडळींकडे असते.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी थोडे आकडे पाहावे लागतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांत सुमारे शहात्तर, हे न्यायाधीन होते. यांचा अपराध अद्याप शाबीत व्हावयाचा होता. शंभर बंद्यांची सोय असलेल्या जागेत सरासरी एकशे एकतीस बंदी राहत होते. या गर्दीचा भार पाणी, शौचालये, दवाखाना आणि पहाऱ्यावरील शिपाई या सर्वांवर पडतो. म्हणूनच पैशाअभावी अडकलेला प्रत्येक बंदी वेळेवर सुटणे हे तुरुंग प्रशासनाच्याही हिताचे आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. १९७८ साली ‘मोतीराम विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. मोतीराम हा गवंडीकाम करणारा गरीब माणूस. त्याला जामीन मिळाला होता, परंतु खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहण्यास तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या कारणावरून तो नाकारण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आग्रह चुकीचा ठरवून केवळ एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्याचा आदेश दिला. या निर्णयाला पुढे चार दशके उलटली, तरी स्थानिक जामीनदाराचा हट्ट पुरता गेला नाही. बेळगाव, विजापूर किंवा ओडिशाकडून गोव्यात बांधकामावर वा मासेमारीच्या ट्रॉलरवर आलेल्या मजुराला स्वतःच्या नावाचा एक-चौदाचा उतारा असलेला जामीनदार येथे कोठून मिळावा?

२०२३ च्या ३१ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयाने या संबंधात जे निर्देश दिले, ते प्रत्येक तुरुंगाच्या कार्यालयात भिंतीवर लावून ठेवण्याजोगे आहेत. जामीन मंजूर करणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकामार्फत बंद्याला पोहोचवावी. अधीक्षकाने जामिनाचा दिनांक ई-प्रिझन्स प्रणालीत नोंदवावा. सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांस कळविणे हे अधीक्षकाचे कर्तव्य ठरविण्यात आले. महिनाभरात जामीनपत्र सादर न झाल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, आणि स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असेही न्यायालयाने सुचविले.

त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात निर्धन बंद्यांच्या दंडाची व जामिनाची रक्कम भरण्यासाठी साहाय्य जाहीर झाले. जून २०२३ मध्ये गृह मंत्रालयाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे व कार्यपद्धती राज्यांना पाठविली. वर्षाला वीस कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. निधीच्या वितरणासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालय ही मध्यवर्ती संस्था नेमण्यात आली.

योजनेचा गाभा म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातील अधिकारप्राप्त समिती. तीत जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंगाचे अधीक्षक वा उपअधीक्षक, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या वतीने त्या तुरुंगाचा कार्यभार असलेले न्यायाधीश असतात. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झालेल्या न्यायाधीन बंद्याचे नाव तुरुंगाकडून सचिवांस जाते. सचिव त्याच्या सांपत्तिक स्थितीची चौकशी करतात; २०२३ च्या कार्यपद्धतीत ती दहा दिवसांत पुरी करावयाची होती. त्यासाठी परिवीक्षा अधिकारी, समाजसेवक किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांचे साहाय्य घेता येते. नंतर प्रकरण समितीपुढे येते. समिती दर दोन ते तीन आठवड्यांनी बसावी अशी २०२३ च्या कार्यपद्धतीत अपेक्षा होती. २०२३ च्या कार्यपद्धतीत समितीला एका बंद्यामागे चाळीस हजार रुपयांपर्यंत मंजुरी देता येत होती. याहून अधिक रकमेचे प्रस्ताव राज्यस्तरीय देखरेख समितीकडे जात. या मर्यादांत शासनाकडून वेळोवेळी फेरबदल होऊ शकतात, यास्तव प्रस्ताव तयार करण्यापूर्वी अद्ययावत आदेश पाहणे इष्ट. रक्कम बंद्याच्या अथवा त्याच्या नातलगांच्या हाती दिली जात नाही. ती मुदत ठेवीच्या वा अन्य योग्य रूपाने न्यायालयाकडे ठेवली जाते आणि खटल्याचा निकाल लागल्यावर शासनाकडे परत येण्यासाठी न्यायालय योग्य तो आदेश देते. तेव्हा आरोपीला सरकार पैसे वाटते, असा जो आक्षेप कधीकधी गावच्या चावडीवर ऐकू येतो, त्याला आधार नाही.

शिक्षा भोगून झाली, परंतु दंड न भरल्यामुळे अधिकची कैद भोगावी लागत आहे, अशा बंद्यांसाठीही तरतूद आहे. येथे अधीक्षकाने सात दिवसांत कळवावे, पुढील सात दिवसांत चौकशी व्हावी, आणि २०२३ च्या मर्यादेनुसार पंचवीस हजारांपर्यंतचा दंड समितीने भरावा, असा क्रम आहे. दंडाचा काही भाग भरला तरी त्या प्रमाणात कैद कमी होऊ शकते, ही गोष्ट पुष्कळ नातेवाइकांना ठाऊक नसते. घरात पाच हजार असतील, तर पंधरा हजार जमेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंध, मनी लाँडरिंग प्रतिबंध, अमली पदार्थ, आणि बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध या कायद्यांखालील आरोपींना योजनेचा लाभ मिळत नाही.

पैसा हाच एक उपाय आहे असेही नाही. किंबहुना तो शेवटचा समजावा. जामीनयोग्य गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीन देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७८ सांगते. बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये व वरिष्ठ न्यायालयास ती कमी करता येते, असे कलम ४८४ म्हणते. कलम ४७९ अन्वये न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत तुरुंगात काढली असेल, आणि तो पूर्वी कधी दोषी ठरलेला नसेल तर एक-तृतीयांश मुदत काढली असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार व्हावयाचा असतो. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटले प्रलंबित असलेल्यांना हे लागू नाही. ही मुदत पुरी होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे दायित्व या कलमाने खुद्द तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे. १ जुलै २०२४ पूर्वी दाखल झालेल्या प्रकरणांनाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. तुरुंगातील लिपिकाने दर बंद्याच्या नावापुढे ही तारीख मांडून ठेवली, तर निम्मे काम तेथेच होते.

योजना कागदावर चोख आहे. तथापि निधी पुरता खर्च होत नाही, हीच अडचण आहे. काही ठिकाणी समितीच स्थापन होत नाही, कोठे ती स्थापन होऊनही बसत नाही, आणि बहुतेक वेळा सातव्या दिवशी जावयाचे पत्र जात नाही. हे पत्र चार ओळींचे असते. बंद्याचे नाव व प्रकरण क्रमांक, जामीन आदेशाचा दिनांक, मागितलेली रक्कम, आणि सुटका न होण्याचे बंद्याने सांगितलेले कारण, एवढे त्यात असले म्हणजे पुरे.

चौकशीच्या टप्प्यावर गावाचा भाग येतो. परिवीक्षा अधिकारी विचारपूस करण्यास आला की घरचे लोक पुष्कळदा लाजेने खोटे सांगतात. पोरगा मुंबईस नोकरीला आहे, घरी ठीक चालले आहे, असे उत्तर मिळाले की अहवालात तसेच उतरते आणि मदत हुकते. अशा वेळी तलाठ्याने जमिनीची खरी स्थिती सांगावी, शिक्षकाने मुलांची शाळा सुटली आहे काय ते सांगावे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी अर्ज लिहून देणे हे कामही शाळेतील शिक्षक सहज करू शकतील. तुरुंगात असलेल्या कोणत्याही व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ अन्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज देता येतो. अर्जासोबत जामीन आदेशाची प्रत असल्यास काम लवकर होते. ती नसल्यास तुरुंगाच्या कार्यालयाकडून मागून घ्यावी.