बेन रायलीसाठी पुन्हा एकदा

स्पायडर-मॅनची १९९४ ते ९६ मधली ‘क्लोन सागा’ म्हणजे फॅन्सच्या शिव्या खाल्लेली स्टोरी. काही महिन्यांत आटपायची, पण खप वाढला म्हणून दोन वर्षं ताणली. मधले कित्येक अंक आजही बोअर होतात, बिनधास्त गाळा. पण बेन रायलीसाठी वाचाच! हा पीटर पार्करचा क्लोन. आठवणी सगळ्या पीटरच्या, घर मात्र नाही. पाच वर्षं गावोगाव भटकत काढलेली. नावही जुळवून घेतलेलं: ‘बेन’ काकांचं, ‘रायली’ मे काकूंचं माहेरचं. मग अचानक त्याला सांगतात, खरा तूच, क्लोन तर पीटर! डिसेंबर १९९६च्या अंकात ग्रीन गॉब्लिनचं पीटरवर सोडलेलं ग्लायडर तो स्वतःच्या अंगावर घेतो. मरताना त्याच्या देहाची माती होते आणि तेव्हा कुठे कळतं, क्लोन बेनच होता. ते पान उलटायला मला अजूनही वेळ लागतो.