मज्जातंतू आणि गणिताचे पुस्तक

एक फूटपट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. खाली, शून्याच्या खुणेशी, अंगठा व तर्जनी पट्टीला न टेकवता उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली, की चिमटीत पकडा. समजा, ती २० सेंटिमीटर खाली आली. मुक्तपतनाच्या सूत्रावरून काळ निघतो सुमारे ०.२ सेकंद. डोळ्यांपासून मेंदूपर्यंत आणि तेथून बोटांपर्यंत निरोप जायला एवढा वेळ का लागावा?

बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने मोजले. वेग भरला सेकंदाला जेमतेम २५ ते ३० मीटर, म्हणजे भरधाव मोटारीइतका! तेव्हा मज्जातंतू ही काही तांब्याची तार नव्हे.

मग त्यात घडते काय? उत्तर दिले हॉजकिन आणि हक्सले यांनी, १९५२ मध्ये. माकूल या समुद्रप्राण्याचा एक मज्जातंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आत विद्युत्‌अग्र घालून त्यांनी व्होल्टता मोजली. सोडियमचे आयन आत शिरतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि ही लाट तंतूवरून पुढे सरकते. हे सारे त्यांनी चार अवकल समीकरणांत, म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या राशींच्या समीकरणांत मांडले. ती सोडवायच्या वेळी केंब्रिजचा संगणक नेमका फेरबदलांसाठी बंद! हक्सलेने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर काही आठवडे आकडेमोड केली. १९६३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हक्सले केंब्रिजला आला होता तो भौतिकीकडे ओढा असलेला विद्यार्थी म्हणून. शरीरक्रियाशास्त्र त्याने जोडविषय म्हणून घेतले. (आम्हां भौतिकीवाल्यांना ही गोष्ट सांगायला फार आवडते!)

या विषयाला आता न्यूरोसायन्स म्हणतात. परदेशी विद्यापीठांत त्याची स्वतंत्र पदवी मिळते, पण केंब्रिजमध्ये आजही विद्यार्थी आधी निरनिराळी विज्ञाने शिकतो आणि तिसऱ्या वर्षी मज्जाविज्ञानाकडे वळू शकतो. आपल्याकडे बी. एस्‌सी.ला हा विषय क्वचितच आढळतो. पुण्याच्या 'आयसर'सारख्या संस्थेत मात्र सुरुवातीला भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, गणित सर्वांनाच शिकावे लागते. प्रवेशपरीक्षेतही चारही विषयांचे प्रश्न असतात. पुढील शिक्षण व संशोधन यांसाठी बंगळूरची 'निम्हान्स' आहे, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे.

अडचण येते ती त्याआधी, अकरावीचा अर्ज भरताना. "जीवशास्त्र घेतले, आता गणिताचे काय काम?" असे म्हणून पुष्कळ मुले गणित सोडतात. वास्तविक दोन्ही ठेवता येतात. माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगी आली. डॉक्टर व्हायचे म्हणून तिने गणित सोडले होते; आता तिला मेंदूचा अभ्यास करायचा होता आणि ती चार समीकरणे तिला वाचता येईनात. दर रविवारी सकाळी ती अकरावीचे गणिताचे पुस्तक घेऊन येते. सध्या आम्ही अवकलनापाशी आहोत.