डोळ्यात खवला उडाला तर वेळ काढू नका

मासळीचा खवला, काटा किंवा वाळू बुबुळाला लागली की त्या जखमेत जंतू, बुरशी शिरते. मग फूल पडून नजर जाऊ शकते. "आता लेझर आहे ना!" असं आपण ऐकतो. प्रकाशाचा एक उपचार असा: रोझ बेंगाल हा लाल रंग डोळ्यात घालून वर हिरवा प्रकाश सोडतात, त्याने जंतू मरतात. पण हा थेंबांना दाद न देणाऱ्या जखमांसाठी, आणि मोजक्याच ठिकाणी मिळतो. बुरशीवर पहिलं औषध आजही नाटामायसिन 5 टक्के थेंबच.

म्हणून डोळा चोळू नका. फार्मसीतून स्टेरॉइडचे थेंब आपल्या मनाने घालू नका, बुरशी वाढते. डोळा लाल झाला, दुखला, पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा बांबोळीला गोमेकॉत जा. होडी एक दिवस थांबली तरी चालेल.