सुगंधाचा वारसा कशात असतो?

केकमध्ये आपण व्हॅनिला इसेन्सचे थेंब घालतो. त्यात बहुधा व्हॅनिलाच्या शेंगेचा अंशही नसतो. असते ते कारखान्यात तयार केलेले व्हॅनिलिन. पॅरिसच्या गेर्लँ या श्रीमंती अत्तरांच्या घराण्याचे नाव मोठे करण्यात याच रेणूचा मोठा वाटा आहे.

पिएर-फ्रान्स्वा-पास्कल गेर्लँ यांनी १८२८ साली पॅरिसमध्ये दुकान काढले. त्यांचा मुलगा एमे, एमेचा पुतण्या झाक आणि झाकचा नातू झाँ-पॉल अशी सुगंध जुळवण्याची विद्या चार पिढ्या घरातच राहिली. अशा घराण्याचा वारसा म्हणजे कुलूपबंद वहीतल्या गुप्त कृती, असे आपल्याला वाटते. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर चित्र निराळे दिसते.

कापून वाळत घातलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, तो कुमारिनचा. विल्यम पर्किन यांनी ते १८६८ साली प्रयोगशाळेत बनवले. (जांभळा मॉव्ह रंग शोधणारे पर्किन ते हेच!) पुढे १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडांतील कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन मिळवले. एमे गेर्लँ यांनी १८८९ साली ही दोन्ही द्रव्ये लॅव्हेंडरसारख्या नैसर्गिक तेलांबरोबर वापरून ‘जिकी’ तयार केले. झाक यांच्या १९२५ च्या ‘शालिमार’मध्ये एथिल व्हॅनिलिन आले. व्हॅनिलिनमधील मेथॉक्सी गटाच्या जागी एथॉक्सी गट, म्हणजे रेणूत फक्त एक कार्बन व दोन हायड्रोजन अधिक. पण वास सुमारे तिप्पट तीव्र! नाव मुघल बागेचे असले, तरी त्यातला हा गोडवा कोणत्याही बागेत उगवत नाही.

झाक यांचेच ‘मित्सुको’ १९१९ चे. त्याच्या तळाशी ओकमॉसचा वास आहे. नावात मॉस असले तरी हे शेवाळ नव्हे, ओकच्या सालीवर वाढणारे दगडफूल आहे. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंदच म्हणा. त्याच्या अर्कातील अॅट्रॅनॉल व क्लोरोअॅट्रॅनॉल यांमुळे काहींच्या त्वचेला अॅलर्जी होते. युरोपीय संघाने २०१७ साली या दोन्हींवर बंदी घालणारा नियम केला. मित्सुकोची कृती बदलावी लागली. वास तोच ठेवण्यासाठी घटक बदलायचे, हे काम मूळ कृती रचण्याइतकेच अवघड आहे, असे आम्हाला वाटते.

घराण्याने १९९४ साली कंपनी एलव्हीएमएच या उद्योगसमूहाला विकली आणि २००२ मध्ये झाँ-पॉल निवृत्त झाले. पण मग मूळ वास कसा होता, हे ताडून कशाशी पाहायचे? बाटलीत उरलेली जुनी अत्तरे उपयोगी पडतीलच असे नाही, कारण हवेतील ऑक्सिजनने लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीनसारखे घटक आधी बिघडतात. व्हर्साय येथे १९९० साली सुरू झालेल्या ‘ऑस्मोतेक’ या सुगंध-संग्रहालयात म्हणूनच अत्तरे अंधारात, १२ अंश सेल्सिअसला, अरगॉन वायूच्या आवरणाखाली ठेवतात. अरगॉनची कशाशीच अभिक्रिया होत नाही, हे आपण नववी-दहावीच्या वर्गात शिकवतोच.