उंबळीच्या खोडातली वर्तुळं

सह्याद्रीतल्या एका पायवाटेवर परवा उंबळीची कापलेली वेल दिसली. मनगटाएवढी जाड. बसलोच भिंग घेऊन!

कापावर एकात एक वर्तुळं होती. सोबतचा मित्र ती मोजून वेलीचं वय काढायला लागला. पण ही वर्तुळं वर्षांची नाहीत.

आंब्याच्या खोडात वाढीचा एकच थर असतो. तो आत लाकूड बनवतो आणि बाहेर, सालीकडे, अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या. म्हणून खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की मुळं उपाशी पडतात आणि झाड मरतं.

उंबळीत मात्र पहिल्याच्या बाहेर वाढीचा नवा थर तयार होतो, मग त्याच्याही बाहेर आणखी एक. प्रत्येक थर स्वतःचं लाकूड आणि स्वतःच्या रसवाहिन्या बनवतो; कापावर दिसतात ती याचीच वर्तुळं. म्हणजे रसवाहिन्या लाकडाच्या आतही सुरक्षित राहतात!

कडक लाकडाच्या मधे रसवाहिन्यांचे हे मऊ पट्टे असल्याने वेल पिळली, वाकली तरी सहज तुटत नाही. दोरखंडाचे पेड आठवा.

आणि ही सपुष्प वनस्पती नाहीच, सूचिपर्णी वृक्षांसारखी अनावृतबीजी आहे. पानं मात्र रुंद. मला याचंच सर्वांत अप्रूप वाटतं.

तुमच्याकडे अशा वेलीला काय म्हणतात? तुटलेल्या खोडाचा फोटो असेल तर टाका, वर्तुळं मिळून बघू.