जुना मोबाईल विकण्यापूर्वी

जुन्या फोनची बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकू लागली, म्हणून गेल्या महिन्यात मी नवा स्मार्टफोन घेतला. दुकानदाराने विचारले, "वकीलसाहेब, जुना एक्स्चेंजला देताय ना?" मी नाही म्हटले. त्यामागे कायद्याचे कारण आहे आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. परंतु आधी नव्या फोनविषयी.

मोबाईलने पोरे बिघडवली, अशी तक्रार आपल्या सभांतून नेहमी होते. ती खोटी नाही. वास्तविक त्याच मोबाईलमध्ये गरिबाचे हेलपाटे वाचवणारी साधने फुकट मिळतात आणि ती कोणी उघडूनही पाहत नाही. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप 2017 पासून उपलब्ध आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. तो टाकला की पुढची तारीख, खटल्याचा टप्पा आणि बहुधा झालेला आदेशही दिसतो. केवळ तारीख विचारण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने येणारे पक्षकार मी आजही पाहतो. आपल्या वकिलाकडे हा क्रमांक हक्काने मागा. माझ्या काही व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, त्याला माझा इलाज नाही. या ॲपमध्ये साठवलेली खटल्यांची यादी फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलताना ती फाईल करून बाहेर काढावी आणि नव्या फोनमध्ये घ्यावी.

दुसरे डिजिलॉकर. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात ट्रंकेत पाणी शिरते आणि ऐन प्रवेशाच्या वेळी मुलीची गुणपत्रिका लगदा होऊन निघते. डिजिलॉकरमध्ये संबंधित मंडळाने किंवा खात्याने स्वतः जारी केलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा, असा नियम 2017 पासून आहे. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही. हा फरक न कळल्याने खिडकीवर उगाच वाद होतात.

गूगल लेन्सविषयी मला विशेष सांगायचे आहे. इंग्रजी नोटीस आली की ती गावातल्या शिकलेल्या माणसाकडे न्यावी लागे आणि तो शिकलेला माणूस कधी कधी समोरच्या पक्षाचाच असे! आता कॅमेरा कागदावर धरला की मजकूर मराठीत दिसतो. कायद्याच्या शब्दांची त्यात अनेकदा मोडतोड होते, म्हणून त्या भरवशावर सही करू नये. पण कागद कोर्टाचा की बँकेचा आणि मुदत कधीची, एवढे तरी दुसऱ्याच्या दयेवाचून समजते. एक सावधगिरी: व्हॉट्सॲपवर 'ई-चलान' किंवा बँकेच्या नावाने एपीके फाईल आली तर ती उघडू नये. पैसे गेलेच तर तत्काळ 1930 क्रमांकावर कळवावे.

आता जुन्या फोनकडे येऊ. आज वस्तीवर हल्ला झाला, कोणी जातिवाचक शिवीगाळ केली, तर पहिला पुरावा कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अपेक्षा अशी की, दोषारोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली निघावा. प्रत्यक्षात वर्षे जातात. फोनचे आयुष्य खटल्याच्या आयुष्यापेक्षा कमी! एका प्रकरणात मारहाणीचे चित्रीकरण करणारा मुलगा साक्षीला उभा राहिला, तेव्हा तो फोन दिवाळीच्या ऑफरमध्ये केव्हाच गेला होता. "मूळ मोबाईल कुठे आहे?" या बचाव पक्षाच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते.

जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला आपल्याच मराठवाड्यातला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर कलम 65-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन मूळ फोनच हजर केला, तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग झाले असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. त्यात फाईलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईल किंचित बदलली तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, म्हणजे ती मूळ फाईल उरतच नाही. गटावर शंभर जणांकडे व्हिडिओ आहे, या समाधानात राहू नये.

माझ्या जुन्या फोनमध्ये एका वस्तीच्या पाहणीचे चित्रीकरण आहे, म्हणून तो रीसेट न करता बंद करून कपाटात ठेवला आहे. बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी, अधूनमधून चार्ज करावी आणि फोन कोणी, केव्हापासून, कुठे ठेवला हे वहीत लिहावे. पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक आला आहे की नाही ते पाहावे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की तो दिसतो. फोन हाती आहे तोवरच तो टिपून ठेवावा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.